पहिल्यांदाच फ्रीलान्सरला काम देताना

आपण पहिल्यांदाच बाहेरच्या व्यक्तीकडून व्यवसायाचा लोगो करून घेत आहात, तेव्हा सुरुवातीला मोजक्या गोष्टी सांभाळल्या तरी पुरे; करारातील बारकावे पुढे सवयीने कळतील.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काम लेखी सांगावे. ‘काहीतरी आकर्षक हवे’ यातून समोरच्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी लोगो कुठे वापरणार, कोणते रंग नकोत आणि अंतिम फाइल पीएनजी या नेहमीच्या चित्र-स्वरूपाबरोबर एसव्हीजी, म्हणजे कितीही मोठी केली तरी न बिघडणाऱ्या, स्वरूपातही हवी, हे पानभर लिहून द्यावे, कारण लहान पीएनजी मोठी केली की कडा फाटतात आणि ते नेमके फलक छापताना लक्षात येते. मी पहिल्या कामात एसव्हीजी फाइल मागायला विसरलो आणि तेच काम पुन्हा पैसे मोजून करून घेतले. चूक अर्थातच माझी होती.

दुरुस्तीच्या किती फेऱ्या ठरलेल्या मोबदल्यात धरल्या आहेत, हेही आधीच बोलून घ्यावे. साध्या कामाला २ बहुधा पुरतात.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे दिवसभर सुटे सुटे संदेश पाठवणे. सूचना एकत्र करून एकाच व्यक्तीने कळवाव्यात, आणि फोनवर ठरलेले त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवावे.