आंब्यावरचं बांडगूळ: झाड स्वतः काय करतं आणि आपण काय करायचं

भाऊ, फांदीवर वाढून झाडाचंच पाणी ओढणारं बांडगूळ आलं तरी झाड काही गप्प बसत नाही बरं का. फुलटोचा हा छोटा पक्षी बांडगुळाचं फळ खातो आणि चिकट बी फांदीवर पुसून जातो, ते तिथंच रुजतं आणि साल भेदून थेट लाकडातल्या पाण्याच्या नळ्यांना जाऊन भिडायला बघतं. आंबा तिथं डिंक सोडतो, जखमेभोवती बुचासारखा पेशींचा थर धरतो, त्यात टॅनिन वगैरे तुरट द्रव्यं भरतो. जुन्या फांदीची साल जाड, तिथं बी बऱ्याचदा वाळून जातं, खरा धोका कोवळ्या फांद्यांना. पण एकदा का मूळ आत गेलं की झाडाचं फारसं चालत नाही, जोडाजवळ गाठ फुगते आणि पुढचा शेंडा वाळायला लागतो.

म्हणून बांडगूळ नुसतं ओरबाडू नका, प्लीज! सालीवरून त्याच्या मुळ्या सरपटत जाऊन पुन्हा चिकटतात, नवे फुटवे येतात. बांडगुळाला फळं धरायच्या आधीच फांदी गाठीच्या वीतभर खालून कापा, कापल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. शेजारच्या बागेत बांडगूळ असेल तर त्यांनाही सांगा, पक्ष्यांना कुंपण नसतं. आणि झाडाला पाणी, खत वेळेवर द्या, अशक्त झाड डिंक तरी कुठून काढणार?