उत्तर कोरियाच्या व्हिसा फॉर्मवर न्यूज चॅनलची नोकरी लपवली तर काय होईल?

तुमचं पत्र वाचलं. वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचा पासपोर्ट भारतीय, नोकरी एका न्यूज चॅनलमध्ये व्हिडिओ एडिटरची, उत्तर कोरिया बघायचं बऱ्याच वर्षांपासून मनात आहे. एजंटला अॅडव्हान्स देऊन झालाय आणि त्याने व्हिसाचा फॉर्म स्वतःच भरून सहीसाठी पाठवलाय, त्यात तुमचा व्यवसाय 'शिक्षक' टाकलाय, कारण "मीडिया लिहिलं की रिजेक्ट होतं, सगळे असंच करतात". मिसेसकडे अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) आहे, त्यांनाही यायचंय, त्यांचा जुना भारतीय पासपोर्ट घरात आहे आणि त्यावरची मुदत अजून संपलेली नाही, तो चालेल का असं तुम्ही विचारलंय. भाऊ ब्रिटिश पासपोर्टवर येणार आहे. आणि पुढच्या वर्षी मुलीकडे अमेरिकेला जायचंय, तर पासपोर्टवर उत्तर कोरियाचा शिक्काच बसत नसेल तर तिथे ही ट्रिप सांगायची गरज काय, हा शेवटचा प्रश्न.

सही करू नका. बाकी सगळं नंतर, पण त्या फॉर्मवर सही करू नका, आणि "मी नंतर बघतो" असं फोनवर सांगून सोडूही नका, नाहीतर एजंट स्कॅन केलेली जुनी सही लावून पुढे पाठवून मोकळा होईल.

आता कारण सांगतो. उत्तर कोरियात टुरिस्ट व्हिसावर पत्रकार आणि प्रोफेशनल फोटोग्राफर यांना घेत नाहीत, त्यांना वेगळी परवानगी लागते. तुम्ही म्हणता मी कुठे पत्रकार आहे, मी तर एडिटिंग रूममध्ये बसतो, आणि ते खरंच आहे, पण ती बाजू तुम्ही फॉर्मवर खरं लिहून मांडली तरच कामाची. फॉर्ममध्ये व्यवसायासोबत काम करता त्या जागेचं नाव, पत्ता, फोनही मागतात. म्हणजे एक खोटं लिहून भागत नाही, शाळा पण खोटी, पत्ता पण खोटा, आणि नेटवर तुमचं नाव टाकलं की पहिल्याच पानावर चॅनलचं प्रोफाइल येणार. व्हिसा नाकारला तर नुकसान फार तर पैशांचं आहे. खरा धोका व्हिसा मिळाल्यानंतरचा आहे, कारण मग तुम्ही त्या देशात चुकीच्या माहितीवर शिरलेले मीडियावाले असता, आणि तिथे हा मुद्दा हेरगिरीपर्यंत ताणला जाऊ शकतो.

उगाच घाबरवत नाही, घडलेल्या गोष्टी आहेत. २०१३ मध्ये बीबीसीचे जॉन स्वीनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर पत्रकार असल्याचं लपवून गेले होते, ते सुखरूप परत आले पण सोबतच्या विद्यार्थ्यांना धोक्यात घातलं म्हणून मोठा वाद झाला आणि पुढच्या वर्षी बीबीसीवर देखरेख करणाऱ्या बीबीसी ट्रस्टनेही त्या प्रकाराला दोष दिला. २०१६ मध्ये बीबीसीचेच रुपर्ट विंगफील्ड-हेज तर रीतसर परवानगीने गेले होते, तरी बातम्या आवडल्या नाहीत म्हणून त्यांना एअरपोर्टवर अडवून कित्येक तास चौकशी केली आणि देशाबाहेर काढलं. २०१९ मध्ये अॅलेक सिगली हा ऑस्ट्रेलियन विद्यार्थी, तो प्योंगयांगमध्ये किम इल सुंग विद्यापीठात शिकत होता, त्याला पकडलं आणि बाहेरच्या मीडियाला फोटो आणि माहिती पुरवली असा आरोप ठेवला, स्वीडनने मध्यस्थी केली तेव्हा सुटला. या तिघांच्या केसेस वेगवेगळ्या आहेत, पण बाहेरच्या मीडियाशी असलेलं नातं तिथे किती गंभीरपणे घेतात ते यातून दिसतं. तुमच्याकडे तर ते नातं सॅलरी स्लिपवर आहे. सोबत तुमचे भाऊ आणि ग्रुपमधले बाकीचे लोक असतील, आणि ज्या गाइडच्या जबाबदारीवर तुम्ही फिरणार त्याची नोकरी आणि कदाचित त्याहून जास्त काही पणाला लागतं, याचा विचार एजंटने केलेला दिसत नाही.

तर करायचं काय. एजंटला लेखी ईमेल करा, फोन नको. त्यात स्पष्ट लिहा की फॉर्ममधला व्यवसाय चुकीचा आहे, मी न्यूज चॅनलमध्ये व्हिडिओ एडिटर आहे, मी रिपोर्टिंग करत नाही, या ट्रिपमधलं काहीही प्रसिद्ध करणार नाही, तुम्ही भरलेल्या फॉर्मला माझी संमती नाही आणि दुरुस्त केलेला फॉर्म मला दाखवल्याशिवाय पुढे पाठवू नका. मीडिया कंपनीतल्या टेक्निकल किंवा ऑफिस स्टाफच्या बाबतीत उत्तर कोरियाच्या बाजूला आधी विचारून घेता येतं, सोबत असं हमीपत्र जोडायचं. हो म्हणायचं की नाही ते सर्वस्वी त्यांच्या हातात, आणि नाही म्हणाले तर त्यावर अपील वगैरे काही नसतं, तिथे विषय संपला. तुमच्या कंपनीलाही कळवा, कारण न्यूज चॅनलच्या नोकरीच्या करारात अशा प्रवासाबद्दल बऱ्याचदा अट असते.

पैशांचं बोलू. २०२० च्या जानेवारीत कोविडमुळे तो देश बंद झाला, २०२४ च्या फेब्रुवारीत फक्त रशियन ग्रुप घेतले, २०२५ च्या फेब्रुवारीत रासोन हा भाग पाश्चात्त्य टुरिस्टांना उघडला आणि काही आठवड्यांतच कारण न देता बंद केला, बुकिंग केलेले लोक तसेच राहिले. म्हणून एजंटला विचारा की बॉर्डर बंद झाली किंवा व्हिसा नाकारला तर अॅडव्हान्सचं काय, आणि उत्तर लेखी घ्या. तुमच्या पावतीवर 'कोणत्याही परिस्थितीत रिफंड नाही' असं छापलंय म्हणून गप्प बसू नका, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अन्याय्य कराराला आव्हान देता येतं आणि तक्रार तुम्ही राहता तिथल्या ग्राहक आयोगात करता येते, एजंटच्या गावी जावं लागत नाही. एजंटने स्वतःहून खोटा फॉर्म भरून पाठवला हा पुरावा तुमच्याकडे आहे, तो मेल डिलीट करू नका.

आता मिसेस. इथे सरळ सांगतो, त्या जाऊ शकत नाहीत. ओटो वॉर्मबियर हा अमेरिकन विद्यार्थी टुरिस्ट म्हणून गेला होता, हॉटेलमधलं एक पोस्टर काढल्याच्या आरोपावरून २०१६ मध्ये त्याला १५ वर्षं सक्तमजुरी झाली, २०१७ च्या जूनमध्ये कोमात परत पाठवला आणि काही दिवसांत त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर १ सप्टेंबर २०१७ पासून अमेरिकेने आपला पासपोर्ट उत्तर कोरियाच्या प्रवासासाठी अवैध ठरवला आणि ती बंदी पुढे वाढवत नेली. खास परवानगी मिळते, पण ती पत्रकारिता, रेड क्रॉसचं काम, मानवतावादी मदत किंवा राष्ट्रहित अशा कारणांसाठी, फिरायला जाण्यासाठी नाही. परवानगीशिवाय तो पासपोर्ट तिकडे वापरणं हा अमेरिकन कायद्यात गुन्हा आहे, १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे उत्तर कोरियाने व्हिसा दिला तरी अडचण मिसेसच्या स्वतःच्या देशाकडून, म्हणजे अमेरिकेकडून आहे.

आणि तो घरातला जुना भारतीय पासपोर्ट अजिबात काढू नका. अमेरिकन नागरिकत्व घेतलं त्याच दिवशी नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व गेलं, आत मुदतीची तारीख काहीही असो. शिवाय ओसीआय घेताना सरेंडर सर्टिफिकेट (भारतीय पासपोर्ट परत केल्याचा दाखला) मागतात, त्यामुळे तो पासपोर्ट कॅन्सल झालेलाच असणार, शिक्का बघा. तो दाखवून प्रवास केला तर पासपोर्ट कायदा १९६७ खाली गुन्हा होतो आणि वर ओसीआय पण जाऊ शकतं. ओसीआय कार्ड हे प्रवासाचं कागदपत्र नाही, भारतात येण्या-राहण्याची ती सोय आहे, तिसऱ्या देशाला त्याच्याशी देणंघेणं नाही. मला कळतंय की दोघांनी मिळून जायचं ठरवलं होतं आणि हे ऐकून वाईट वाटेल, पण यात पळवाट नाही.

भावाचं पटकन. ब्रिटिश नागरिकावर त्याच्या देशाची बंदी नाही, पण १ मार्च २०११ किंवा त्यानंतर उत्तर कोरियात पाऊल टाकलेल्या माणसाला अमेरिकेचं एस्टा (व्हिसाशिवाय जायची ऑनलाइन परवानगी) मिळत नाही, पुढे अमेरिकेचा रीतसर व्हिसा काढून जावं लागेल. ते कामानिमित्त अमेरिकेला वरचेवर जात असतील तर त्यांना हे आत्ताच सांगा.

तुम्हाला हा एस्टाचा नियम लागत नाही, भारतीयांना अमेरिकेचा व्हिसा घ्यावाच लागतो. उत्तर कोरियाला जाऊन आलात एवढ्यावरून व्हिसा नाकारायचा असा नियम नाही. पण अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांत कुठल्या देशांत गेलात हे विचारतात. उत्तर कोरियाचा व्हिसा बऱ्याचदा वेगळ्या कागदावर असतो आणि परत निघताना काढून घेतात, पासपोर्ट कोरा राहतो, हे बरोबर आहे, पण वाटेतल्या चीनचे शिक्के त्यात असतात आणि प्रश्न तुमच्या प्रवासाबद्दल आहे, शिक्क्यांबद्दल नाही. खोटं लिहून पकडलं गेलं तर माहिती लपवल्याचा शेरा बसतो आणि तो अमेरिकेच्या कायद्यात कायमचा अडथळा ठरू शकतो. तुमच्या बाबतीत तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण मिसेस अमेरिकन नागरिक आहेत, उद्या तुम्ही त्यांच्याकडून ग्रीन कार्डला अर्ज केलात तर जुने सगळे फॉर्म काढून बघतात. तेव्हा ट्रिप झाली तर लिहा, आयटिनररी आणि बुकिंगची पावती जपून ठेवा, मुलाखतीत विचारलं तर शांतपणे सांगा.

परवानगी मिळालीच तर अजून काही गोष्टी. बीजिंगमार्गे जाणार असाल तर चीनचा व्हिसा डबल एन्ट्रीचा घ्या, सिंगल घेतला तर तो जाताना वापरला जातो आणि परतीला अडकाल. ऑफिसचा लॅपटॉप नेऊ नका, फोनमधून बातम्यांच्या क्लिप, दक्षिण कोरियाच्या सिरियल-गाणी, उत्तर कोरियावरची पुस्तकं आणि धार्मिक साहित्य काढून टाका, कस्टम्समध्ये उपकरणं उघडून बघतात. जेफ्री फाउल नावाच्या अमेरिकन टुरिस्टने २०१४ मध्ये चोंगजिनमधल्या एका क्लबमध्ये बायबल मागे ठेवलं तर कित्येक महिने अडकून पडला. गाइडशिवाय हॉटेलबाहेर जायचं नाही, सैनिकांचे फोटो काढायचे नाहीत. प्योंगयांगमध्ये भारताचा दूतावास आहे, २०२१ मध्ये स्टाफ भारतात परत आला होता, २०२४ च्या शेवटी काम परत सुरू झालं, त्यांना जाण्याआधी ईमेलने तारखा कळवा. अटक झाली तर दूतावासाला कळवा अशी मागणी करायचा हक्क वकिलातींच्या कामाबद्दलच्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ ने दिलाय, पण तिथे ही भेट व्हायला आठवडे लागू शकतात हे घरच्यांना माहीत असू द्या.

एजंटला ईमेल आजच पाठवा, भावाला कॉपीत ठेवा, कारण तोच एजंट त्यांचाही फॉर्म भरतोय आणि त्यात काय लिहिलंय ते त्यांनी अजून पाहिलेलं नाही असं तुमच्या पत्रावरून वाटतं.