अंगठा एकीकडे, बोटं एकीकडे

प्रश्न : गिटार शिकतोय. मिसिसिपी जॉन हर्ट या अमेरिकन ब्लूज (कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत) गायक-गिटारवादकाची 1928 ची जुनी रेकॉर्डिंग्ज सापडली, मला तर त्यात दोन गिटार ऐकू येतात, खरंच एकटाच वाजवतोय का? आणि 1928 नंतर त्याचं नाव थेट 1963 मध्येच येतं, मधे कुठे गायब झाला होता?
- एक वाचक

उत्तर : एकटाच आहे हो, आणि गिटारही एकच. सगळी गंमत उजव्या हातात आहे. अंगठा खालच्या सुरांच्या जाड तारांवर एक आड एक असा ठेका धरून चालत राहतो, तो काही झालं तरी थांबत नाही, आणि त्याच वेळी पहिलं आणि मधलं बोट बारीक तारांवर गाण्याची चाल वाजवतात, तीही बऱ्याचदा ठेक्याच्या मधल्या जागेत, म्हणून कानाला दोन माणसं वाटतात. कुणी शिकवलं नव्हतं बरं का, लहानपणी स्वतःच शिकला. त्यात आवाज इतका मऊ की मिसिसिपीच्या डेल्टा भागातल्या ओरडून गाणाऱ्या ब्लूजवाल्यांमध्ये तो एकदम वेगळा ऐकू येतो, मला तर त्याच्यापेक्षा जवळचा कुणी वाटतच नाही.

आता गायब होण्याबद्दल. मला हा शब्दच पटत नाही, कारण हर्ट कुठेही गेला नव्हता. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या अ‍ॅव्हलॉन नावाच्या छोट्याशा वस्तीत शेतावर राबत होता आणि गावातल्या नाचगाण्यात वाजवत होता. शेजारच्या दोन गोऱ्या वादकांनी, नार्मर आणि स्मिथ, ओके नावाच्या रेकॉर्ड कंपनीला त्याचं नाव सुचवलं, मग फेब्रुवारी 1928 मध्ये मेम्फिसला आणि डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला रेकॉर्डिंग झालं. नावाआधी 'मिसिसिपी' कंपनीनेच जोडलं, विक्रीसाठी. पण रेकॉर्ड फारशा खपल्या नाहीत, पुढच्याच वर्षी महामंदी आली आणि कंपनीने पुन्हा बोलावलंच नाही.

न्यूयॉर्कला असताना त्याने गावाच्या आठवणीत 'अ‍ॅव्हलॉन ब्लूज' गायलं होतं, आणि तेच पुढे कामी आलं. ते ऐकून टॉम हॉस्किन्स नावाच्या, जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्या तरुणाने जुन्या नकाशात अ‍ॅव्हलॉन शोधलं, 1963 मध्ये तिथे गेला तर हर्ट तिथेच! सत्तरीच्या आसपासचा, आणि हात तसाच चालत होता. त्याच वर्षी न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हल या लोकसंगीत महोत्सवात वाजवलं, लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी रेकॉर्डिंग झालं, कॉलेजची पोरं ऐकायला गर्दी करायला लागली. पण हे सुख जेमतेम तीन वर्षांचं, नोव्हेंबर 1966 मध्ये तो गेला. पस्तीस वर्षं त्याला कुणी विचारलंच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तुम्ही शिकताय तर आधी नुसता अंगठा घ्या. सी कॉर्ड धरून पाचवी आणि चौथी तार आलटून पालटून, अगदी हळू, अंगठा चालू असताना कुणाशी बोलता येईल इतका सवयीचा होऊ द्या, मगच बोटं आणा, तीही सुरुवातीला प्रत्येक ठोक्याला एकच सूर. 1928 ची 13 गाणी आज ऐकायला मिळतात, त्यातलं 'फ्रँकी' सुरुवातीला वाजवायला घेऊ नका, फार वेगात आहे, 'अ‍ॅव्हलॉन ब्लूज'पासून सुरू करा.