केळ्यावरची लालडोळी चिलटं म्हणजेच फळमाशी का?

तुम्ही विचारलंय की पावसाळ्यात कोथरूडच्या घरात केळ्यांच्या फण्यांवर जी लालडोळी चिलटं घोंघावतात, तीच आंब्यात अळी करणारी फळमाशी का, आणि आनुवंशिकतेच्या प्रयोगांसाठी प्रयोगशाळेत पाळतात ती ड्रॉसोफिला माशी हीच का. पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं हो, पण त्या 'हो'मध्ये बराच गुंता आहे. पुण्यातल्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली, त्यामुळे या माश्यांशी माझं जुनं नातं आहे. जरा सविस्तर लिहिते.

आधी नावाचा घोळ. इंग्रजीत या दोन्ही माश्यांना सर्रास एकच नाव वापरतात. मग ड्रॉसोफिलावरच्या संशोधनाची बातमी मराठीत आली की तिचीही 'फळमाशी' होते. आपल्या आंबा बागायतदाराची फळमाशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा. तिचं कूळच वेगळं, टेफ्रिटिडी. ती जवळजवळ घरमाशीएवढी असते, दिसायला थोडी गांधीलमाशीसारखी, आणि मादीच्या पोटाच्या टोकाला टोकदार सुई असते. त्या सुईने ती झाडावरच्या धडधाकट फळाला टोचून आत अंडी घालते. तुमची चिलटं जेमतेम 2 ते 3 मिलिमीटरची. फळ पिकून आंबायला लागलं की ती येतात आणि त्यावर वाढलेल्या यीस्टवर जगतात. म्हणजे केळं त्यांनी नासवलेलं नसतं, ते आंबायला लागलंय हे त्यांना तुमच्याआधी कळलेलं असतं. (बाथरूमच्या भिंतीवर चिकटून बसणारी केसाळ, पतंगासारखी दिसणारी माशी आणखी तिसरीच. ती मोरीच्या गाळात वाढते, तिचा इथे संबंध नाही.)

आता ती जवळून बघा. एका बरणीत पिकलेल्या केळ्याचा तुकडा टाका, तोंडावर कागदाचं नरसाळं बसवा. दुसऱ्या दिवशी दहा-वीस तरी अडकतील. बरणी चार-पाच मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवलीत की माश्या गारठून निपचित पडतात, आणि उबेला आल्या की पुन्हा उठतात. तेवढ्या वेळात पांढऱ्या कागदावर काढून भिंगाखाली धरा. दहापट मोठं दाखवणारं, घड्याळजींकडे असतं तसलं भिंग पुरतं.

लाल डोळा एकसंध नसतो. 750च्या आसपास बारीक षटकोनी डोळे जोडून तो झालेला असतो. डोक्यावर मधोमध आणखी तीन साधे डोळे, ठिपक्यांएवढे. शृंगिकेवर, म्हणजे डोक्यावरच्या मिशीवर, पिसासारखा फाटे फुटलेला एक केस दिसतो, त्याला अरिस्टा म्हणतात. पंख दोनच, मागच्या जोडीच्या जागी दोन गुंड्या उरलेल्या असतात. उडताना त्या गुंड्या थरथरतात आणि त्यावरून माशीला आपण किती वळलो ते कळतं. पंखाच्या पुढच्या कडेची जाड शीर दोन ठिकाणी तुटलेली असते. ही खूण नीट लक्षात ठेवा, ड्रॉसोफिलिडी हे या चिलटांचं कूळ ओळखताना ती फार कामाला येते. मग राठ केस. आम्ही ते अक्षरशः मोजायचो. डोळ्याच्या आतल्या कडेला तीन केस, त्यातला एक पुढे झुकलेला आणि दोन मागे. मेलॅनोगॅस्टरच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या ड्रॉसोफिला जातीच्या, पाठीवर मधल्या बारीक केसांच्या 8 ओळी. विद्यार्थी सुरुवातीला कंटाळायचे, पण एकदा ओळी दिसल्या की मायक्रोस्कोप सोडायला तयार नसायचे.

मला सगळ्यात आवडतो तो नराचा पुढचा पाय. मेलॅनोगॅस्टरच्या नराच्या पावलाच्या पाच पेरांपैकी पहिल्या पेरावर काळ्या जाड दातांची एक छोटीशी फणी असते. भिंगातून ती काळ्या ठिपक्यासारखी दिसते. मादीला ती नसतेच. मीलनाच्या वेळी नर मादीला धरतो तेव्हा ती फणी उपयोगी पडते. आपल्याकडे भरपूर असलेल्या अनानासी या जातीच्या नराला मात्र अशा दातांच्या अनेक आडव्या ओळी असतात, त्याही एकाहून जास्त पेरांवर. शिवाय मेलॅनोगॅस्टरच्या नराचं पोट टोकाला काळं कुळकुळीत असतं (नावाचा अर्थच 'काळ्या पोटाची'), अनानासीच्या नराचं तसं नसतं. म्हणून तुमच्या बरणीत नेमकी कोणती जात आहे ते नर पकडल्याशिवाय मी सांगणार नाही. सिम्युलन्स जातीच्या बाबतीत तर त्याहून अवघड. ती मेलॅनोगॅस्टरपासून वेगळी आहे हे अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टर्टेव्हंटने 1919 साली दाखवलं, आणि ओळखायची भरवशाची खूण म्हणजे नराच्या जननांगाचा एक भाग. माद्या एकमेकींपासून ओळखणं जवळपास अशक्य.

आता गुंत्याकडे येते. प्राणिशास्त्रात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. ड्रॉसोफिला ही प्रजाती फालेन या कीटकशास्त्रज्ञाने 1823 मध्ये मांडली, अर्थ 'दवावर प्रेम करणारी'. मेलॅनोगॅस्टर जातीचं वर्णन मायगेन या दुसऱ्या कीटकशास्त्रज्ञाने 1830 मध्ये केलं. आज या प्रजातीत दीड हजारांहून जास्त जाती आहेत, आणि प्रजातीची आदर्श जाती, म्हणजे प्रजातीचं नाव जिच्याशी बांधलेलं असतं ती, आहे फ्युनेब्रिस. मेलॅनोगॅस्टर तिची जवळची नातलग नाही. स्टर्टेव्हंटनेच 1939 मध्ये मेलॅनोगॅस्टरचा गट सोफोफोरा या उपप्रजातीत घातला, म्हणजे 'ज्ञान वाहून आणणारी'. किती समर्पक नाव आहे! अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गनला 1910 साली पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला, त्यातून जनुकं गुणसूत्रांवर असतात हे उलगडत गेलं आणि 1933 चं नोबेल त्याला मिळालं. ती माशी याच गटातली.

पुढे वंशवृक्ष काटेकोरपणे मांडल्यावर दिसलं की वेगळं नाव असलेल्या काही प्रजाती ड्रॉसोफिलाच्या पोटातच बसतात. नियमाप्रमाणे प्रजातीची फोड करायला हवी, पण तशी केली तर ड्रॉसोफिला हे नाव फ्युनेब्रिसकडे राहणार आणि जगप्रसिद्ध माशी सोफोफोरा मेलॅनोगॅस्टर होणार. ते टाळायला मेलॅनोगॅस्टरलाच आदर्श जाती करा, असा अर्ज प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे गेला होता. आयोगाने तो 2010 मध्ये फेटाळला. माझ्या मते निर्णय नियमाला धरून होता. तरी शंभर वर्षांचं संशोधन ज्या नावाने छापलंय ते बदलायला मन धजत नाही, आणि बहुतेक संशोधकही अजून जुनंच नाव वापरतात.

पोटात बसणाऱ्या त्या प्रजातींपैकी एक तुम्हाला घरीच दिसू शकेल. झाप्रिओनस. तिच्या डोक्यापासून पाठीवर काळ्या कडांचे चंदेरी पांढरे पट्टे उभे ओढलेले असतात, रांगोळीच्या रेघांसारखे. तिच्यातल्या इंडियानस जातीचं वर्णन 1970 मध्ये भारतातल्याच नमुन्यांवरून झालं. पुढे ती ब्राझीलला पोचली आणि तिथल्या अंजिरांचं तिने मोठं नुकसान केलं. मी अंजीर आणला आणि दोन दिवस ओट्यावर विसरला की ती हमखास हजर असते.

एवढी चिलटं येतात कुठून, याचं उत्तर हवेत आहे. 25 अंशांच्या आसपास अंड्यापासून माशी व्हायला दहाच दिवस लागतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची हवा साधारण तेवढीच असते. केळ्याचं साल, ओला कचरा आणि ओट्याखालचं ओलं फडकं रोज हलवा, आठवडा-दीड आठवड्यात फरक दिसेल. औषध फवारायची गरज नाही.

फोटो टाकणार असाल तर नुसता पाठीचा नको. नर निवडून पुढचा पाय, पोटाचं टोक आणि पंखाची पुढची कड स्पष्ट दिसेल असा काढा, मग जात ओळखायचा प्रयत्न नक्की करते.