‘कोठवर?’ म्हणणं म्हणजे अविश्वास नव्हे

प्रश्न: खोट्या तक्रारीमुळे माझी नोकरी गेली. तक्रार करणाऱ्याला मात्र बढती मिळाली. मंडळीत (चर्चमध्ये) सगळे म्हणतात, ‘प्रभूने सैतानावर विजय मिळवलाय, आनंद करा.’ मला आनंद होत नाही. त्या माणसाला शिक्षा व्हावी असंच वाटतं. प्रार्थनेला बसते, पण तोंडून शब्द फुटत नाही. माझा विश्वास संपला का?

उत्तर: ताई, विश्वास संपला असता तर तुम्ही प्रार्थनेला बसलाच नसता.

मंडळीतले लोक म्हणतात ते खरं आहे, पण अर्धंच. बायबलमधलं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या ५व्या अध्यायात वधलेल्या कोकऱ्याचा, म्हणजे येशूचा, स्वर्गात जयजयकार होतो. पुढच्याच अध्यायात, ६:१० मध्ये (अध्याय ६, वचन १०), वेदीखालचे, विश्वासापायी मारले गेलेले हुतात्मे मोठ्याने विचारतात, ‘कोठवर?’ स्वर्गात असूनही! देव त्यांना दटावत नाही. प्रत्येकाला शुभ्र झगा देतो आणि आणखी थोडा वेळ थांबायला सांगतो. येशूच्या वधस्तंभाने आणि पुनरुत्थानाने निकाल लागला आहे, अंमलबजावणी पूर्ण व्हायची आहे. या मधल्या काळात वाईट का माजतं, हेही १२:१२ मध्ये आहे: आपला काळ थोडा उरलाय हे सैतानाला कळलंय, म्हणून तो चवताळलाय.

शब्द फुटत नसतील तर बायबलमधलं स्तोत्र १३ उसनं घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ चारदा येतं. ती दोन मोठ्याने वाचा आणि थांबा. तिथे त्या माणसाचं नाव घ्या, झालं ते जसंच्या तसं सांगा. मग ३ आणि ४ मधलं मागणं. ५व्या वचनातला भरवसा त्या दिवशी मनापासून म्हणता आला नाही, तर ४थ्यावरच उठा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. बहुतेकांचं इथेच चुकतं. तक्रार गिळून थेट ५व्यावर उडी मारतात, मग स्तुती ओठांवर राहते आणि राग आत कुजतो.

शिक्षा व्हावी असं वाटणं म्हणजे न्यायाची भूक आहे, तिची लाज बाळगू नका. रोमकरांस पत्रात १२:१९ सांगतं की सूड देवावर सोपवा. पण सोपवणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. हे पत्र लिहिणारा पौल लगेच १३:४ मध्ये अधिकाऱ्याला वाईट करणाऱ्याला शासन करणारा देवाचा सेवक म्हणतो. तेव्हा कागदपत्रं तारीखवार लावा, साक्षीदारांचं म्हणणं लेखी घ्या, वकिलाला भेटा, रीतसर दाद मागा. दाद मागण्याची मुदत असते, ती हातची जाऊ देऊ नका. त्याची बदनामी करत फिरणं, त्याच्या घरच्यांना त्रास देणं, हे मात्र सूडात मोडतं. ते टाळा.

आणि पुन्हा कुणी ‘आनंद करा’ म्हणालं, तर रोमकरांस पत्राच्या त्याच १२व्या अध्यायातलं १५वं वचन पुढे करा: रडणाऱ्यांबरोबर रडा. मग त्यांना शेजारी बसवून १३वं स्तोत्र वाचायला सांगा, पहिल्या वचनापासून.