येझदी इतकी वर्षं उभी आहे ना, आधी किक मारू नका

भाऊ, तुमची येझदी मोटारसायकल इतकी वर्षं बंद उभी आहे अन् आता चालू करायची म्हणता, तर उशीर झाला म्हणून मन खट्टू करू नका, निघते गाडी. फक्त आत्ताच रंगाची चौकशी करायलाव ते थांबवा, रंग सगळ्यात शेवटी.

पिस्टन धरला असला, म्हंजे सिलिंडरात अडकून बसला असला, अन् किक मारली तर त्याच्या रिंगा तुटतात. स्पार्क प्लग काढा, त्याच्या भोकातून दोन चमचे ऑईल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी गिअर टाकून मागचं चाक हातानं हळूहळू पुढं-मागं करा. मी घाई केली होती, सिलिंडर आतून घासून मोठा (बोअर) करावा लागला.

- टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, गंज बघा. कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल जायचं बारीक भोक) तार घालू नका, भोक मोठं होतं
- खोलताना फोटो काढा
- 15 वर्षांवरच्या गाडीला आरसीचं (नोंदणी प्रमाणपत्र) नूतनीकरण लागतं

येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 लाच बंद झाला, त्यामुळं जुना पार्ट भंगारात देऊ नका. टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळाच. इंजिन खोलायचं नंतर बघू, आधी प्लगला ठिणगी येते का सांगा.