वाचकांचे प्रश्न : शाई मध्येच का तुटते?

प्रश्न : ४४ इंची फोटो प्रिंटरला बाटल्या आणि नळ्या जोडून शाईची सोय केली आहे. पहिले दोन-तीन फूट छान निघतात, मग निळा फिका पडतो, पांढऱ्या रेघा येतात. रात्रभर बंद ठेवला की सकाळी हेडखाली, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागाखाली, शाई साचलेली असते. काय चुकतंय? – एक वाचक, लातूर

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. साचणारी शाई म्हणजे बाटल्या उंच आहेत. बाटलीतली शाईची पातळी हेडच्या तळापेक्षा ४-५ सेंटीमीटर खालीच हवी. वर गेली की शाई आपोआप ओघळते, रंगही एकमेकांत मिसळतात. फार खाली नेली तर हेडला ती ओढवत नाही. म्हणून उभट बाटलीपेक्षा पसरट डबा बरा, त्यात पातळी हळू उतरते.

निळ्याचं कारण बहुधा झाकणात आहे. डॅम्परमधली (हेडवरच्या शाईच्या छोट्या डबीतली) थोडी शाई संपेपर्यंत छपाई चालते, मग बाटलीत हवा शिरली नाही की ओढ तुटते. छापता छापता झाकण सैल करा. रंग परत आला तर हवेचं भोक बुजलंय, सुईने मोकळं करा. नाही आला तर नळीत बुडबुडे शोधा, सिरिंजने हळूहळू ओढून काढा. जोरात ओढलं की डॅम्परची पातळ झिल्ली फाटते. नळी हेडसोबत दोन्ही टोकांपर्यंत हाताने सरकवून बघा, कुठेही मुडपता कामा नये.

आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत नोझल, म्हणजे हेडची बारीक छिद्रं, लवकर सुकतात. काम नसलं तरी रोज एक नोझल चेक (छिद्रं तपासायची चाचणी छपाई) काढाच.